बिनकडेचे काडतूस आणि रिव्हॉल्व्हर

भारतात परवानाधारकांकडे असणारे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना त्याच्या काडतुसाच्या बुडाशी थोडी बाहेर आलेली पितळी कड आठवत असेल. रिव्हॉल्व्हर भरण्याची आणि रिकामे करण्याची सगळी व्यवस्था त्या कडेच्या आधाराने चालते. कड सिलिंडर नावाच्या फिरत्या नळकांड्यातल्या घराच्या, म्हणजे काडतूस बसण्याच्या भोकाच्या, तोंडाशी अडते म्हणून काडतूस आत घसरत नाही, आणि सिलिंडर बाजूला काढून दांडी दाबली की मधली चांदणी, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची चकती, त्याच कडांना खालून रेटा देऊन सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर ढकलते. स्वयंचलित पिस्तुलाच्या काडतुसाला अशी कड नसते, कारण मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेल्या काडतुसांच्या कडा एकमेकींत अडकण्याची भीती असते. त्याऐवजी बुडाजवळ सभोवार एक खाच असते आणि पिस्तुलाचा आकडा त्या खाचेत बसून पुंगळी ओढून काढतो. असे काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये घातले, तर चांदणीला रेटा देण्यासाठी काहीच उरत नाही. मी अमेरिकेत .४५ एसीपी या बिनकडेच्या पिस्तुली काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरने नेमबाजी करतो आणि या एका अडचणीवर निघालेली निरनिराळी उत्तरे हा माझ्या विशेष आवडीचा विषय आहे. त्यांतले सर्वांत चांगले उत्तर युद्धाच्या घाईत निघाले, असे माझे ठाम मत आहे.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तिच्या सैन्याचे अधिकृत हत्यार १९११ साली स्वीकारलेले बंदुकांचे रचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचे .४५ पिस्तूल होते. पण नव्याने भरती होणाऱ्या लाखो सैनिकांना पुरतील इतकी पिस्तुले मिळण्याची शक्यता नव्हती. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन्ही कंपन्यांकडे मोठ्या चौकटीची रिव्हॉल्व्हरे बनवण्याची यंत्रसामग्री तयार होती. दारूगोळा मात्र एकच ठेवायचा होता, म्हणजे रिव्हॉल्व्हरलाही पिस्तुलाचेच काडतूस चालायला हवे होते. स्मिथ अँड वेसनने त्यावर पोलादी पत्र्याची अर्धचंद्राकृती पट्टी काढली. हिलाच हाफ-मून क्लिप म्हणतात. तिच्या खाचांत तीन काडतुसे बुडाच्या खाचेने घट्ट बसतात आणि अशा दोन पट्ट्या मिळून सहा घरांचे सिलिंडर भरते. पट्टीच कडेचे काम करते. चांदणी पट्टीला ढकलते आणि पट्टी पुंगळ्यांना घेऊन बाहेर येते. सैन्याच्या सांगण्यावरून हीच पट्टी कोल्टलाही वापरू देण्यात आली, आणि एम १९१७ या नावाने दोन्ही कंपन्यांनी मिळून सुमारे तीन लाख रिव्हॉल्व्हरे बनवली. सैनिकाच्या कमरेच्या पाकिटाला तीन कप्पे असत आणि प्रत्येक कप्प्यात दोन पट्ट्या, म्हणजे एका भरणीपुरती काडतुसे, मावत.

पट्टी नसेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही कंपन्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सुरुवातीला वेगळे होते. स्मिथ अँड वेसनच्या घरात आतल्या बाजूला एक पायरी कोरलेली होती. पुंगळीचे तोंड त्या पायरीवर टेकत असल्यामुळे सुटे काडतूसही योग्य खोलीवर थांबे आणि उडे. फक्त नंतर रिकामी पुंगळी काठीने किंवा पेन्सिलीने पुढून ढकलून काढावी लागे. कोल्टच्या सुरुवातीच्या सिलिंडरांची घरे आरपार सरळ होती, त्यामुळे सुटे काडतूस आत इतके घसरे की घोड्याची टोच त्याच्यापर्यंत पोहोचतच नसे. पुढे कोल्टनेही पायरी ठेवायला सुरुवात केली. युद्धानंतर ही रिव्हॉल्व्हरे नागरिकांच्या हाती आली, तेव्हा १९२० च्या सुमारास पीटर्स कंपनीने जाड कडेचे .४५ ऑटो रिम काडतूस बाजारात आणले. ते पट्टीशिवाय नीट चालते, पण त्यासाठी निराळी काडतुसे शोधत बसावे लागते.

पुढे सहाही काडतुसे एकत्र धरणारी पूर्ण गोल क्लिप, म्हणजे मून क्लिप, आली आणि मूळच्या तडजोडीचे रूपांतर चक्क फायद्यात झाले. उजव्या हाताने नेम धरणाऱ्या नेमबाजाची रीत साधारण अशी असते : चापावरचे बोट बाहेर काढून उजव्या अंगठ्याने खटका सरकवायचा, डाव्या हाताची मधली दोन बोटे चौकटीतून घालून सिलिंडर बाहेर ढकलायचे आणि तिथेच धरून ठेवायचे, नळीचे तोंड वर करायचे आणि दांडीवर एकच ठाम दाब द्यायचा. सहा पुंगळ्या क्लिपसकट एका घासात खाली पडतात. कडेच्या काडतुसांत एखादी पुंगळी चांदणीखाली अडकून बसते आणि मग ती नखाने उकरून काढावी लागते. क्लिपमध्ये एकटी पुंगळी मागे राहूच शकत नाही. मग नळी जमिनीकडे वळवून उजव्या हाताने कमरपट्ट्यावरची भरलेली क्लिप उचलायची. .४५ चे काडतूस आखूड आणि जाड, गोळीचे टोक गोलसर. एक टोक घरात शिरले की बाकीची पाच आपोआप समोर येतात. सुटी काडतुसे सोडणाऱ्या स्पीडलोडरसारखी मूठ फिरवावी लागत नाही, कारण इथे धारकच आत राहतो. सिलिंडर डाव्या अंगठ्याने हलकेच बंद करायचे; मनगटाच्या झटक्याने बंद केले तर सिलिंडर धरणारा दांडा हळूहळू वाकतो. १९९९ साली अमेरिकी नेमबाज जेरी मिक्युलेक यांनी सहा गोळ्या, मध्ये एक भरणी आणि पुन्हा सहा गोळ्या हे सारे २.९९ सेकंदांत केले, तेही स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरने आणि मून क्लिपच्याच जोरावर.

या वेगाची किंमत म्हणजे क्लिपची निगा. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो किंचित जरी वाकला तरी मागच्या पोलादी भिंतीला घासू लागतो, चाप जड होतो आणि कधी सिलिंडर फिरतच नाही. म्हणून भरलेली प्रत्येक क्लिप सामन्याआधी सिलिंडरमध्ये घालून, चापाला हात न लावता, सिलिंडर उघडे असताना हाताने फिरवून पाहावी आणि तिचा पत्रा सर्वत्र सपाट टेकतो की नाही हे डोळ्याने तपासावे. रिकाम्या पुंगळ्या बोटांनी उपटू नयेत. क्लिप वाकते ती बहुधा याच वेळी. त्यासाठी मिळणारी खाच असलेली नळी पुंगळीवर चढवून पिळली की पुंगळी सुटते. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लवकर लक्षात येत नाही : निरनिराळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांची बुडाजवळची खाच सारख्या मापाची नसते. एकीत क्लिप करकचून बसते, तर दुसरीत काडतुसे डुलतात, आणि डुलणारी काडतुसे सहा घरांत एकाच वेळी शिरत नाहीत. मी क्लिप आणि पुंगळ्यांची जोडी ठरवून ठेवतो आणि ती बदलत नाही.

क्लिप नकोच, असे म्हणणाऱ्यांनीही पुष्कळ डोके चालवले आहे. स्मिथ अँड वेसनचे १९८० मध्ये आलेले ५४७ हे ९ मिमीचे रिव्हॉल्व्हर चांदणीतल्या बारीक बोटांनी काडतुसाची खाच पकडत असे. कल्पना सुरेख, पण बनवायला किचकट, आणि काही वर्षांतच ते बंद झाले. चार्टर आर्म्सच्या पिटबुलमध्ये तेच काम चांदणीत बसवलेले स्प्रिंगचे तुकडे करतात. यांत सुटी काडतुसे खिशातून काढून भरता येतात, आणि क्लिप बाळगण्याचा कंटाळा असणाऱ्याला ती सोय मोठी वाटेल. पण काडतुसे एकेक करून भरावी लागतात, म्हणजे बिनकडेच्या काडतुसाने जो वेग मिळवून दिला तोच इथे हातचा जातो. रुगर ब्लॅकहॉकसारख्या सिंगल अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीआधी घोडा हाताने ओढावा लागणाऱ्या, रिव्हॉल्व्हरला हा प्रश्नच पडत नाही, कारण त्यात प्रत्येक पुंगळी पुढून दांडीने एकेक ढकलायची असते आणि कड असली काय नि नसली काय, दांडीला फरक पडत नाही.

हलके, पाच गोळ्यांचे ९ मिमी रिव्हॉल्व्हर घेणाऱ्यांनी एक चाचणी मात्र जरूर करावी. पिस्तुलाच्या काडतुसात गोळी पुंगळीच्या तोंडाशी रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाइतकी आवळून बसवलेली नसते. हलक्या चौकटीच्या जोरदार धक्क्याने न उडालेल्या काडतुसांतल्या गोळ्या थोड्या थोड्या पुढे सरकतात आणि शेवटी एखादीचे टोक सिलिंडरबाहेर येऊन ते अडवते. चार गोळ्या झाडून, सिलिंडर उघडून पाचवे काडतूस बाहेर काढावे आणि त्याची लांबी न वापरलेल्या काडतुसाशी ताडून पाहावी. ती वाढलेली दिसली, तर त्या रिव्हॉल्व्हरसाठी दुसऱ्या बनावटीची काडतुसे निवडावीत.