एवढासा ट्रक कशाला?

भारतातून आलेला पाहुणा जपानच्या खेड्यात माझ्याबरोबर फिरला की विचारतोच, "हा एवढासा ट्रक काय कामाचा?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

या केई-तोराचा, म्हणजे हलक्या छोट्या ट्रकचा, आकार कायद्याने ठरवलाय. युद्धानंतर लोकांना मोटार परवडत नव्हती, तेव्हा सरकारने १९४९ मध्ये हलक्या वाहनांचा वेगळा वर्ग केला. १९५५ मध्ये इंजिनाची मर्यादा ३६० सीसी झाली आणि मग एकेक ट्रक येऊ लागले: १९६० मध्ये दाइहात्सूचा हायजेट, १९६१ मध्ये सुझुकीचा कॅरी आणि सुबारूचा सांबर. होंडाने विकलेली पहिली चारचाकी म्हणजे १९६३ चा टी३६० हा ट्रकच. आपली १९८४ ची मारुती व्हॅनसुद्धा कॅरीवरच बेतलेली.

आज मर्यादा ६६० सीसी, लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटर आहे. माल ३५० किलो, म्हणजे तांदळाची ३० किलोची अकरा पोती. कमी वाटतं ना? पण भातखाचरांमधल्या वाटा पाहा. तिथे मोठा ट्रक शिरतच नाही. हा शिरतो, तिन्ही फाळके पाडले की कुठूनही माल चढवता येतो, आणि चारही चाकांना जोर देणारं मॉडेल चिखलातून, बर्फातून निघतं. वसंतात रोपांचे ट्रे, शरदात सफरचंदांचे क्रेट, मधल्या काळात गवत कापायचं यंत्र, खत, जुनं कपाट, सगळं त्याच हौद्यात. सांबरचं इंजिन मागे असायचं, त्यामुळे रिकामा असतानाही मागची चाकं जमीन धरून राहत. मला आजही तोच सर्वांत आवडतो.

सर्वांत सुंदर उपयोग मात्र बाजाराचा. इवाते प्रांतातल्या शिझुकुइशीत २००५ पासून शेतकरी ठरलेल्या दिवशी मुख्य रस्त्यावर ओळीने ट्रक लावतात आणि हौद्यातूनच भाजी, फळं, लोणची विकतात. मांडव नको, टेबल नको, आवराआवर नको. ओस पडत चाललेल्या बाजारपेठेत त्या दिवशी माणसं येतात. ही कल्पना पुढे इतर गावांनीही उचलली.

सुबारूने २०१२ मध्ये आणि होंडाने २०२१ मध्ये स्वतःचा केई-तोरा बनवणं थांबवलं. आता पेट्रोलवर चालणारे हे ट्रक सुझुकी आणि दाइहात्सूच बनवतात; बाकीच्या कंपन्या त्यांचेच ट्रक आपल्या नावाने विकतात. याची मला मनापासून काळजी वाटते. शेतकरी म्हातारे होताहेत, गिऱ्हाईक घटतंय, पण जे अजून शेती करताहेत त्यांचं या ट्रकवाचून पान हलत नाही.