आमची वाटचाल : टपरीवरचा तासभर आणि एक स्टिकर

२००९ ला नाशिकला दिंडोरी रोडला भाड्याच्या दोन गाळ्यांत आम्ही हाडांचं हॉस्पिटल टाकलं, डॉक्टर म्हणजे आमचे मिस्टर ऑपरेशन बघायचे आणि काउंटर, बिलं, उधारी सगळं माझ्या गळ्यात. पेशंट बरेचसे पेठ-सुरगाण्याचे, द्राक्षाच्या सीझनला मजुरीला आलेले. मांडीचं हाड मोडलं की पहिला प्रश्न "मॅडम, किती लागतील?" मी आकडा सांगितला की नातेवाईक समोरच्या टपरीवर जाऊन तासभर बसायचे, काही तर परत यायचेच नाहीत.

नोव्हेंबर २०१३ ला जीवनदायी योजना (पेशंटला उपचार फुकट, हॉस्पिटलला पैसे योजनेतून) राज्यभर झाली, पुढे तिचंच नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना. पण आम्ही लांबच राहिलो, कारण पॅकेजमध्ये, म्हणजे एका केसला मिळणाऱ्या ठरलेल्या रकमेत, ऑपरेशन, इम्प्लांट (हाडात बसवायचा रॉड, प्लेट वगैरे), औषधं, जेवण, घरी जायचं गाडीभाडं सगळंच धरलेलं, मग आपल्याला उरणार काय? कोविडनंतर खाटा रिकाम्या पडायला लागल्या तेव्हा कुठे अर्ज केला (उगाच समाजसेवा वगैरे सांगत नाही).

पहिलीच केस सुरगाण्याच्या आजींची, खुबा मोडलेला. पिवळं रेशनकार्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं, त्यावर एक नाव आणि आधारवर दुसरंच, आमचा आरोग्यमित्र (योजनेची कागदपत्रं बघणारा माणूस) दिवसभर त्यातच अडकला, पण रात्री प्रीऑथ, म्हणजे ऑपरेशनआधीची मंजुरी, आलं. ऑपरेशन छान झालं आणि पैशांसाठी पाठवलेल्या क्लेमला क्वेरी, इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर पुरावा म्हणून कुठंय? आम्ही खोकं टाकून दिलेलं! मी चप्पल न घालता खाली पळाले तर घंटागाडी कधीच गेलेली. चूक आमचीच, पैसे अडकले, इम्प्लांटवाल्याची उधारी भागवायला माझ्या पाटल्या गहाण गेल्या. आता सिस्टर खोकं फोडलं की आधी स्टिकर फाईलला चिकटवते, मग पुढचं बोलणं.

योजनेच्या केसमध्ये मार्जिन बारीकच, पण खाटा भरलेल्या असतात आणि स्टाफचा पगार वेळेवर निघतो, माझ्या मते छोट्या हॉस्पिटलला एवढं पुरे.

जुलै २०२३ च्या जीआरने दीड लाखाचं कव्हर ५ लाख झालं आणि पांढरं कार्डही आत आलं. परवा गंगापूर रोडचे एक काका पांढरं कार्ड ठेवून म्हणाले, एसी रूम द्या. म्हटलं काका, योजनेत जनरल वॉर्ड, खिडकीजवळची देते, शेजारी हरसूलचे बाबा आहेत. तोंड वाकडं करून ॲडमिट झाले, संध्याकाळी बघते तर दोघं मिळून टोमॅटोच्या भावावर भांडतायत.