तुम्ही विचारलंत म्हणून: फुकेट सेफ आहे का ओ मामा?

हा प्रश्न मला सारखा येतो. बेळगावच्या खडेबाजारात भेटलेला कोणीतरी विचारतो, लग्नात पंगतीला शेजारी बसलेला विचारतो, पुतणीच्या ऑफिसातली लोकं माझा नंबर घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात. २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडनं आपल्याला व्हिसा माफ केला तेव्हापासनं तर लोक गोव्याला जाऊन यावं तसं तिकडं जायला लागलेत (नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी एकदा बघून घ्या), आणि मी तिथल्या फुकेट बेटावर पातोंगला एका इंडियन रेस्टॉरंटात बरीच वर्षं मॅनेजरकी करून आलोय हे सगळ्या शहापूरला माहीत. त्यामुळं जायच्या आधी "सेफ आहे न्हवं ओ?" आणि जाऊन आल्यावर "एवढं झकास ठिकाण सोडून तुम्ही परत आलासा कशाला?" दोन्हीचं उत्तर एकच आहे, पण रस्त्यात उभ्याउभ्या सांगायला जमत नाही म्हणून इथं लिहितोय.

चार दिवस फिरायला जाणाऱ्याला सेफ आहे. रात्री बारा वाजता बायका एकट्या चालत जातात, दुकानं उघडी असतात, कोणी अंगावर येत नाही. खरी भीती स्कूटरची, कारण पातोंगचा घाट उताराचा आहे आणि आपली पोरं तिथं हेल्मेटशिवाय तीन-तीन जण बसतात, आणि पावसाळ्यात समुद्राची, बीचवर लाल झेंडा लावलेला असताना पाण्यात शिरतात. तेवढं सांभाळलं की राहिली फसवणूक. तिचा एक नमुना सांगतो म्हणजे तिथला न्याय कसा चालतो ते कळेल.

निपाणीकडची पोरं आली होती, रोज रात्री आमच्याकडं जेवायला यायची. त्यातल्या दोघांनी बीचवर जेट-स्की भाड्यानं घेतली, अर्ध्या तासानं परत दिली, तर मालकानं ती वाळूत कलती केली आणि खालच्या बाजूचा एक चरा दाखवला, त्यावरनं बोट फिरवून फिरवून. तीस हजार बाथ (थायलंडचं चलन) मागितले. पोरांनी मला फोन केला, मी गेलो. चरा जुनाच, आधी कधीतरी त्याच्यावर रंग मारलेला आणि तो रंगही उडालेला स्पष्ट दिसत होता. तोवर पोलिस आलेला. तो ओरडला नाही की कोणावर रागावला नाही, झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून दोन्ही पार्ट्यांना बसवलं, पाण्याच्या बाटल्या मागवल्या, आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? फ्लाइट कधी आहे. पोरं म्हणाली परवा. झालं, खेळ तिथंच संपला. केस करायची तर करा म्हणाला, पण स्टेटमेंट होणार, तपास होणार, कोर्टाची तारीख पडणार, तुम्हाला तेव्हा यावं लागणार. बारा हजारावर मिटलं. टुरिस्ट पोलिसांचा ११५५ नंबर आहे, तिथं फोन उचलतात, इंग्रजी बोलतात, वाईट माणसं नव्हेत, पण सगळ्यांचा कल मिटवण्याकडं, आणि मिटवताना ज्याच्या खिशात परतीचं तिकीट आहे तोच नमतो. जेट-स्कीवाल्याला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. बोंबलून उपयोग नाही, घरी येऊन नेटवर लिहिणंही जरा जपून, कारण तिथं बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे (आपल्याकडंही आहे म्हणा, पण तिथले लोक तो वापरतात). २०२० मध्ये को चांग बेटावरच्या एका हॉटेलनं वाईट रिव्ह्यू लिहिला म्हणून एका अमेरिकन माणसावर केस केली, त्याला अटक झाली, दोन रात्री आत काढल्या, शेवटी माफी मागून सुटला. तो टुरिस्ट नव्हता, थायलंडातच नोकरीला होता. हे लक्षात ठेवा, कारण खरी गंमत इथनंच सुरू होते.

टुरिस्टाला फ्लाइटची तारीख नडते तर तिथं राहणाऱ्याला व्हिसाची. तिथल्या १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यात (त्यांच्या कागदावर २५२२, बुद्ध संवत, पहिल्यांदा बघणारा चक्रावतोच) कलम ३८ आहे, परदेशी माणूस घरात राहायला आला की घरमालकानं चोवीस तासांत इमिग्रेशनला कळवायचं. त्या फॉर्मला टीएम-३० म्हणतात. मालकानं कळवलं नाही तर दंड मालकाला, दोन हजार बाथपर्यंत, म्हणजे किरकोळ. पण ती पावती तुमच्याकडं नसली तर तुमचं एक्स्टेन्शन, म्हणजे राहायची मुदत वाढवणं, अडतं. चुकणारा एक आणि अडकणारा दुसरा.

माझी घरमालकीण काथूची, बाई गोड, कधी रंबुतान आणून द्यायची कधी नारळ, मी आजारी पडलो तर भाताची पेज करून दिली होती. पण भाडं रोख घ्यायची, ते कुठं दाखवलेलं नव्हतं, त्यामुळं फॉर्मवर सही म्हटलं की हसायची आणि विषय बदलायची, अगदी मनापासनं हसायची हो, राग पण येऊ नये असं. एक्स्टेन्शनची मुदत जवळ आली, सफान हिनच्या इमिग्रेशन ऑफिसात सकाळी जाऊन बसलो, नंबर लागला, कंपनीचे कागद, टॅक्सचे कागद, घराचा नकाशा हातानं काढलेला, फोटो, १,९०० बाथ फी, सगळं व्यवस्थित. काउंटरवरच्या बाईनं एकेक पान उलटलं आणि टीएम-३० च्या जागी लाल पेनानं नुसता गोल काढून गठ्ठा माझ्याकडं सरकवला. एक शब्द बोलली नाही. कायद्यानं तिची काही चूक नव्हती. मग आमच्या रेस्टॉरंटच्या मालकाचा एजंट आला, दुपारपर्यंत पावती पण आली आणि शिक्का पण पडला. कशी आली ते त्यानं सांगितलं नाही, पैसे मात्र माझ्या पगारातनं कापले गेले.

त्याशिवाय दर नव्वद दिवसांनी "मी अजून इथंच आहे" हे कळवायचं, घरी जायचं तर री-एंट्री परमिट घ्यायचं, एकदाचं १,००० बाथ आणि कितीही वेळांचं ३,८००, ते न घेता विमानात बसलात तर मागं व्हिसा खलास. ओव्हरस्टे झाला, म्हणजे मुदत संपूनही राहिलात, तर दिवसाला ५०० बाथ, जास्तीत जास्त २०,०००. स्वतःहून हजर झालात तर थोड्या दिवसांचं दंडावर भागतं, पण नाक्यावर पकडलं गेलात तर निदान पाच वर्षं बंदी, आणि वर बँकॉकच्या डिटेन्शन सेंटरात, घरच्यांनी तिकिटाचे पैसे पाठवेपर्यंत.

आता म्हणाल यात क्राइमचा काय संबंध. आमच्या किचनमध्ये एक बर्मी पोरगा होता, भांड्याला लागलेला पण तंदूर शिकून घेतलेला, लई हुशार. त्याची सेकंडहँड बाईक चोरीला गेली. कोणी नेली ते त्याला माहीत, मला माहीत, गल्लीला माहीत, संध्याकाळी ती समोरच्या मसाज पार्लरपुढं उभी पण असायची. मी म्हटलं चल चौकीत. तो येईना. का, तर बर्मी कामगारांचं जे गुलाबी कार्ड असतं त्यावर त्याचा मालक म्हणून दुसऱ्याच कोणाचं नाव, तो काम करतो आमच्याकडं. चौकीत बाईकचं विचारायच्या आधी कार्ड मागणार. मग चोर राहिला बाजूला आणि हाच आत. रोज त्या बाईकवरनं नजर काढून कामाला यायचा.

त्यानं मला को ताओचं सांगितलं होतं. २०१४ च्या सप्टेंबरात त्या बेटावर दोन ब्रिटिश टुरिस्टांचा खून झाला, त्यात दोन बर्मी कामगार पकडले. त्यांनी कबुली दिली आणि नंतर म्हणाले मारहाण करून घेतली, डीएनएच्या तपासावरनं खूप वाद झाला, २०१५ ला फाशी सुनावली, २०१९ ला सुप्रीम कोर्टानं कायम केली, २०२० ला राजाच्या माफीत जन्मठेप झाली. त्यांनी केलं का नाही हे मी ठरवणारा कोण. पण आमच्या किचनमधला एकूण एक बर्मी पोरगा त्या केसकडं बघून ठरवून बसलेला की चौकीची पायरी चढायची नाही. आणि थाई वेटर काय म्हणायचे, आम्हाला तरी कुठं न्याय आहे, रेड बुल एनर्जी ड्रिंकवाल्यांच्या नातवाच्या फेरारीखाली २०१२ ला बँकॉकमध्ये ड्यूटीवरचा पोलिस मेला आणि तो नातू अजून कोर्टात उभा राहिला नाही. तेही खोटं नाही.

मीही काही वेगळा नव्हतो, फक्त शर्ट इस्त्रीचा. माझं वर्क परमिट, ते निळं पुस्तक, आमच्या मालकाच्या सहीवर. एका परदेशी माणसामागं कंपनीत चार थाई माणसं दाखवावी लागतात, तसे ते दाखवलेले, त्यातले दोघं मी कधी बघितले पण नाहीत. सीझन मंदीचा आला आणि माझा पगार तुंबला, एक महिना, मग दुसरा. तिथं लेबर ऑफिस आहे, कायदा परदेशी कामगारालाही लागू आहे, सगळं आहे. पण मालकानं नोकरी संपली असा कागद दिला की त्याच दिवशी माझी राहायची परवानगी संपते, मग मी तक्रार घेऊन उभा कुठं राहणार, एअरपोर्टवर? मालक हे तोंडानं कधी बोलला नाही, बोलायची गरजच नव्हती. उलट "भाई, अपना ही रेस्टॉरंट समझो" म्हणायचा. निम्मे पैसे मिळाले, निम्मे सोडले आणि सांब्र्याच्या विमानतळावर उतरलो. एवढंच कारण आहे परत यायचं. कोणी लुटलं नाही की मारलं नाही.

आमच्या बारवर गोरे म्हातारे बसायचे, रिटायर होऊन तिथंच राहिलेले, बँकेत आठ लाख बाथ ठेवून वर्षावर्षानं मुदत वाढवून घेणारे. त्यांचं रडगाणं रोजचं. जमीन नावावर होत नाही, फ्लॅट घ्यावा तर बिल्डिंगमधल्या एकूण जागेच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांना, बायकोच्या नावानं बंगला बांधला तर भांडण झालं की माणूस बाहेर. २०१९ ला टीएम-३० कडक केला तेव्हा तर असे भडकले होते, ऑनलाइन सह्या गोळा केल्या, पुढच्या वर्षी थोडी सूट मिळालीही. त्यांचं म्हणणं, आम्ही इथं पैसा आणतो आणि आम्हाला चोरासारखं वागवतात. म्हणणं खरं होतं. पण मला मनातल्या मनात हसू यायचं, कारण त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी कागद मागत होतं, आणि ते सुद्धा साठी उलटल्यावर.

आणि दुसरं म्हणजे, आपण तरी काय वेगळं करतो? चोर्ला घाट उतरून हरमल-मोरजीला जावा आणि तिथं सीझनभर राहणाऱ्या एखाद्या रशियन बाईला विचारा. आपल्याकडंही तसाच फॉर्म आहे, परदेशी माणूस घरात ठेवला की मालकानं चोवीस तासांत कळवायचं, सेम टू सेम, आणि भाडं रोख घेणारा मालक तिथंही तस्साच हसत असणार. परदेशी कशाला, खानापूरची आपली पोरं गोव्याच्या हॉटेलात भांडी घासायला, वेटरकीला जातात त्यांना घाटी म्हणतात, भाड्याच्या खोलीला पोलिस व्हेरिफिकेशन लागतं, आणि वाड्यावर चोरी झाली की पहिली झडती यांच्या खोलीची. स्वतःच्याच देशात, घरापासनं तीन तासांवर. आमच्या वडिलांचा तर जन्म गेला शेताचा उतारा कन्नडमध्ये मिळतो म्हणून तो दुसऱ्याकडनं वाचून घेण्यात, सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासनं सुप्रीम कोर्टात पडलाय. त्यामुळं न वाचता येणाऱ्या कागदावर सही करताना तो गोरा थरथर कापायचा, मला एवढं काही वाटायचं नाही.

असो. फिरायला जाणाऱ्यांना एवढंच सांगणं, स्कूटर भाड्यानं घेताना पासपोर्ट ठेवून घेऊ देऊ नका, रोख डिपॉझिट द्या, पासपोर्ट त्यांच्याकडं गेला की चऱ्याचा भाव तेच ठरवतात. जेट-स्की घ्यायचीच तर आधी चारी बाजूंनी आणि खालनं व्हिडिओ काढा, मालकासमोर, तो वैतागला तर दुसरीकडं जावा. ई-सिगारेट नेऊ नका, तिथं बंदी आहे आणि नाक्यावरच्या पोलिसाला तेवढंच निमित्त पुरतं. २०२३ च्या सुरुवातीला एका तैवानी अभिनेत्रीकडनं बँकॉकच्या नाक्यावर त्यावरनंच २७,००० बाथ घेतले होते, ती बोलली म्हणून बाहेर आलं.

आणि नोकरीला पोराला पाठवू का विचारणाऱ्यांना. ऑफर लेटर देतोय आणि "आधी टुरिस्ट म्हणून या, वर्क परमिट नंतर करू" म्हणतोय, तर पाठवू नका, कितीही ओळखीतला एजंट असू दे. टुरिस्टच्या शिक्क्यावर काम करणं गुन्हा, आणि आपल्या माणसाला तिथं टूर गाइडचं, केस कापायचं काम तर परमिटवरही करता येत नाही, ती कामं थाई लोकांसाठी राखीव आहेत. डेटा एंट्री, कस्टमर सपोर्ट, बँकॉकला पोस्टिंग असं काही असेल तर त्याहून वाईट. बँकॉकवरनं गाडीत घालून माए सोतच्या सीमेवर नेतात आणि नदी ओलांडून म्यानमारात, तिथं फ्रॉडच्या कॉल सेंटरात कोंडतात. २०२५ च्या मार्चमध्ये दोन दिवसांत ५४९ भारतीय एअर फोर्सच्या विमानांनी माए सोतवरनं सोडवून आणले, त्यांना खोट्या नोकऱ्यांचं आमिष दाखवलेलं. परमिटचा कागद आधी, तोही आपल्या पोराच्या नावाचा, आणि त्यावर लिहिलेल्याच कंपनीत काम. कागद वाचून बघायला पाहिजे असेल तर घेऊन या माझ्याकडं, संध्याकाळी सहानंतर घरी असतो.