सरांचा नेदरलँड्स

आठवीला भूगोलाच्या सरांनी फ्रान्स, जर्मनी भराभर उरकले आणि नेदरलँड्सवर मात्र मनसोक्त रेंगाळले. आमची शाळा खाडीकाठची. वर्गातली बहुतेक मुलं खारजमिनीतल्या भातावर वाढलेली. बांध, उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड, हे सारं घरचंच.

"कोकणाच्या दीडपटही नाही एवढा देश," सर म्हणाले, "आणि चौथाई जमीन समुद्रसपाटीखाली. शेतातलं पाणी बाहेर कसं काढाल?"

"उघाडीनं! ओहोटीला उघडते ना."

"आणि जमीन ओहोटीच्या पाण्याहूनही खाली असली तर?"

वर्ग गप्प. मग पवनचक्क्या आल्या. चित्रातल्या शोभेच्या वस्तू नव्हेत, पाणी उपसणारी यंत्रं. त्यांच्यामागून वाफेचे पंप. 1852 साली हार्लेमजवळचं अख्खं सरोवर त्यांनी कोरडं केलं. त्याच तळावर आज स्खिपोल विमानतळ आहे.

1953 चा पूरही सरांनी आम्हाला कळेल असाच सांगितला. पौर्णिमेनंतरचं उधाण, त्यात वायव्येचं वादळ. 31 जानेवारीच्या रात्री बांध फुटले आणि 1836 माणसं गेली. बांधाच्या भोकात बोट घालणाऱ्या मुलाची प्रसिद्ध गोष्ट त्यांनी बाजूला ठेवली. ती कल्पित आहे. त्या रात्रीची खरी हकिगत मी पुढे वाचली. आरी एवेग्रुन नावाच्या नावाड्यानं आपलं जहाजच खांडीत आडवं घातलं आणि बांध तगला.

सरांना सर्वांत मोलाच्या वाटत त्या तिथल्या पाणी-मंडळ्या. बांधामागे ज्याची जमीन, त्यानं बांधाचा खर्च उचलायचा, कारभारी निवडायचे. आपल्याकडे खांड गेली की गाव घमेली घेऊन धावतो. त्यांनी ते तेराव्या शतकापासून नियमात बसवलं. परदेशाची ओळख करून देण्याची इतकी चांगली रीत मी पुन्हा पाहिली नाही.

1986 साली ओस्टरस्खेल्ड खाडीच्या मुखावर नऊ किलोमीटरचा बांध पुरा झाला. आधी खाडी कायमची बंद करणार होते. कालव-शिंपल्यांवर जगणारे मच्छीमार आणि निसर्गप्रेमी अडून बसले, म्हणून 62 पोलादी दरवाजे बसवले. एरवी ते उघडे असतात, भरती-ओहोटी चालू राहते. पाणी सरासरी समुद्रसपाटीच्या तीन मीटर वर चढणार असा अंदाज आला की बंद होतात. हे मी निवृत्त झालेल्या सरांना पत्रानं कळवलं. उलट टपाली त्यांनी विचारलं, दरवाजे बंद करायचं ठरवतं कोण, आणि मच्छीमारांना ते आधी कळतं का?