पोर्टिंगचे टप्पे लिहिताना

गूगल समर ऑफ कोड या, नवख्यांना मेंटॉरसोबत ओपन सोर्स प्रकल्पावर काम करू देणाऱ्या उपक्रमासाठी पोर्टिंगचं, म्हणजे एका प्रोसेसरवरचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर नेण्याचं, प्रपोजल हातात आलं की मी आधी टाइमलाइन वाचते, बाकीचं सगळं नंतर. ‘आठवडा १ ते ४: कोड समजून घेणे. ५ ते ८: पोर्टिंग. ९ ते १२: टेस्टिंग आणि डॉक्युमेंटेशन.’ असं दिसलं की लिहिणाऱ्याची काळजी वाटायला लागते. गूगल समर ऑफ कोडचा नेहमीचा कालावधी १२ आठवड्यांचा, आणि मधल्या मूल्यमापनात नापास झालं तर प्रकल्प तिथेच थांबतो. तेव्हा मेंटॉर म्हणून मी तपासायचं काय? ‘पोर्टिंग चालू आहे’ याला पास म्हणू की नापास?

म्हणून माझा आग्रह असतो, की टप्पा असा लिहा की मी एक कमांड चालवली की तो झाला की नाही ते कळेल.

समजा एक्स८६ वर (इंटेल-एएमडीचे नेहमीचे प्रोसेसर) वाढलेली सी लायब्ररी रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर रचनेवर न्यायची आहे. बहुतेकांचा पहिला टप्पा ‘बिल्ड होणे’, म्हणजे कोड कंपाइल होणे, असतो. तो असू द्या, पण त्याला तीन आठवडे देऊ नका, कारण बिल्ड झाल्यावरच खरं काम दिसायला लागतं. नेहमी सापडणारी एक जागा सांगते. फाइल वाचणाऱ्या लूपमध्ये कोणीतरी एकेक अक्षर वाचणाऱ्या ‘एफगेटसी’चं उत्तर ‘इंट’ऐवजी ‘कॅर’मध्ये ठेवलेलं असतं. लिनक्सवर एक्स८६ मध्ये साधा ‘कॅर’ साइन्ड, म्हणजे उणे आकडे धरणारा असतो, त्यामुळे फाइल संपल्याची उणे एक ही खूण जुळते आणि लूप थांबतो. रिस्क-फाइव्हवर तो अनसाइन्ड. उणे एकचे २५५ होतात, खूण कधीच जुळत नाही आणि प्रोग्राम फिरत राहतो. कंपायलर मात्र बिनतक्रार बायनरी हातात देतो. तेव्हा दुसरा टप्पा ‘क्यूएमूवर (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) मूळ टेस्ट सूट पूर्ण चालतो, आणि पडणाऱ्या प्रत्येक टेस्टचं कारण इश्यूमध्ये (प्रकल्पाच्या अडचणींच्या यादीत) नोंदलेलं आहे’ असा हवा. सगळ्या टेस्ट पास झाल्याच पाहिजेत, असं मी इथे मागत नाही.

लायब्ररीत थ्रेड्स (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असतील तर खरा रिस्क-फाइव्ह बोर्ड लवकर मिळवा. एक्स८६ चं मेमरी ऑर्डरिंग, म्हणजे मेमरीत लिहिलेलं इतरांना कोणत्या क्रमाने दिसतं त्याचा नियम, कडक आहे, रिस्क-फाइव्हचं सैल. एका थ्रेडने आधी डेटा लिहिला आणि मग फ्लॅग लावला, तरी दुसऱ्या थ्रेडला फ्लॅग आधी दिसू शकतो. एक्स८६ च्या लॅपटॉपवर क्यूएमू चालवलं तर ही चूक बहुधा झाकलीच जाते. ‘हार्डवेअरवर तपासणे’ शेवटच्या आठवड्यात ठेवलेलं दिसलं, की मी ते मधल्या मूल्यमापनाच्या आधी आणायला सांगते. ज्याची भीती वाटते ते काम आधी.

एसएसईचे इन्ट्रिन्सिक्स (एक्स८६ च्या, एकदम अनेक आकड्यांवर चालणाऱ्या व्हेक्टर सूचना सी मधून वापरायची फंक्शन्स) बदलणं हा मुलांचा आवडता भाग. रिस्क-फाइव्हच्या व्हेक्टर सूचना शिकायची ओढ मला समजते, मलाही ती आहे. तरीही आधी साध्या सी मधला पर्याय लिहून टेस्ट हिरव्या करा. व्हेक्टरचा टप्पा त्यानंतर, ‘वेळ उरल्यास’ या शीर्षकाखाली. काय वगळायचं हे प्रपोजलमध्येच ठरलेलं असलं, की दहाव्या आठवड्यात भांबावायला होत नाही.

‘पॅच मर्ज झाला’, म्हणजे तुमचा बदल मूळ कोडमध्ये घेतला गेला, हा टप्पा ठेवू नका. मर्ज करणं प्रकल्प सांभाळणाऱ्या मेन्टेनरच्या हातात, आणि त्यालाही त्याची नोकरी, त्याचं घर आहे. ‘पॅच पाठवला आणि रिव्ह्यूमधल्या प्रत्येक शेऱ्याला उत्तर दिलं’ हे तुमच्या हातात आहे. पहिला छोटासा पॅच कम्युनिटी बाँडिंगमध्येच, म्हणजे कोडिंग सुरू होण्याआधीच्या ओळखीच्या काळातच पाठवा; त्या ‘कॅर’चा ‘इंट’ केला तरी चालेल. त्यातून मेन्टेनरला काय खटकतं ते कळतं, आणि पुढचे पॅच किती लहान कापायचे तेही.

आणि रिस्क-फाइव्हचा बिल्ड अपस्ट्रीमच्या, म्हणजे मूळ प्रकल्पाच्या, सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी यंत्रणा) बसवणं याला स्वतंत्र टप्पा द्या, आठव्या आठवड्याच्या आत. तो नसेल तर तुम्ही गेल्यावर कोणीतरी नवं एक्स८६ असेंब्ली घालेल, पोर्ट मोडेल, आणि ते मोडलंय हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.