वारीतलं ताट, घरातली बादली

माऊलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो टप्पा वारीतला सगळ्यांत लांबचा, तीसेक किलोमीटरचा, आणि शेवटी शेवटी दिवे घाटाची चढण. तिथी बहुधा एकादशीची. अर्धं पुणं त्या दिवशी चालत असतं आणि उरलेलं अर्धं रस्त्याच्या कडेला टेबलं मांडून वाटप करत असतं. साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, केळी, चिक्की, चहा आणि पाण्याच्या बाटल्या. हडपसर मागे पडेपर्यंत हातात एक बाटली असताना दुसरी बळेच दिली जात होती. नको म्हणावं तर देणाऱ्याचा चेहरा उतरतो. "घ्या हो माऊली, सेवा आहे."

आमच्याबरोबर सोसायटीतली बरीच मंडळी होती. कोथरूडची, चाळणीतून चाळल्यासारखी ओला-सुका वेगळा करणारी. आमच्याकडे कचरा न्यायला 'स्वच्छ'ची ताई येते. कचरावेचक बायकांची ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. तिच्यामागे १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. ताईला घरटी महिन्याचे ठरावीक पैसे मिळतात, आणि सुक्यातलं भंगार विकून येईल तो पैसा तिचा. म्हणजे आमटीत भिजलेला पुठ्ठा हा तिचा सरळ तोटा. ती दारातच बादली तिरकी करून बघते आणि "वहिनी, हे काय?" म्हणते. तिच्या त्या एका वाक्याला आमचे निवृत्त कर्नलसुद्धा टरकून असतात. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून देतात.

हेच कर्नल मी वडकी नाल्याजवळ पाहिले. खिचडीचा द्रोण संपला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. डबा होता, पण तो कधीच भरून वाहत होता आणि भोवती ढीग झाला होता. त्यांनी द्रोण चपटा केला, दुमडला आणि त्या ढिगावर अलगद ठेवला. शहरातला शिकलेला माणूस कचरा फेकत नाही, नीट ठेवतो. घाटाच्या कठड्यावर असे नीट ठेवलेले चहाचे कागदी कप ओळीने दिसत होते. वारा आला की गेले दरीत.

लोक घरी शहाणे आणि बाहेर बेजबाबदार, असं म्हणून मोकळं होता येतं, पण मला ते पटत नाही. घरी आपण शहाणे असतो कारण सकाळी दाराशी ताई उभी असते. सहलीला गेल्यावर असं कोण असतं? कोकणात समुद्राकाठच्या घरगुती खोलीत आपण उतरतो, खोलीत एकच डबा असतो, त्यात शहाळ्याची नळी, वेफर्सची पाकिटं आणि माशाचे काटे एकत्र जातात. संध्याकाळी वाडीमागून धूर येतो तेव्हा तो कशाचा, हे कुणी विचारत नाही. सुट्टीचं भाडं भरलेलं असतं ना.

माझा भाचा श्टुटगार्टला असतो. तो त्या दिवशी आमच्यात होता. तिकडे पाण्याची प्लास्टिकची बाटली घेताना पंचवीस सेंट अनामत भरावी लागते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पैसे परत. त्यामुळे बाटली टाकायला त्याचा हात होईना. रिकाम्या बाटल्या तो पाठपिशवीला बाहेरून बांधत गेला. घाट चढताना त्या अशा खडखडत होत्या की टाळकरी वळून बघायचे. "मावशी, या परत कुठे द्यायच्या?" हा त्याचा प्रश्न ऐकून मला जुनी बातमी आठवली. २०१८ साली महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी आणली तेव्हा बाटलीवर एक-दोन रुपये अनामत ठेवून परत देण्याची तरतूद तिच्यात होती. ती काही रुजली नाही. सासवडच्या अलीकडे पोतं घेतलेली एक बाई भेटली, तिने त्याच्या सगळ्या बाटल्या घेतल्या. चुरगळलेल्या लाडवाच्या वेष्टनांकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. चकाकणारं ते वेष्टन प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटवून केलेलं असतं, भंगारात त्याला भाव नाही. कागदी कपाचंही तेच, आतून प्लास्टिकचा पातळ लेप असतो म्हणून रद्दीवाला घेत नाही. रस्त्यावर शेवटी काय उरतं ते असं भावावर ठरतं.

सासवडहून आमची मंडळी बसने परत गेली. मी पुढे एका दिंडीबरोबर राहिले. दिंडी परभणीकडची, त्यात निम्म्याहून जास्त बायका, साठीच्या पुढच्या. इथून वारीचं रूप बदलतं आणि कचऱ्याचंही.

दिंडीत जेवणाची भिशी, म्हणजे वर्गणी काढून एकत्र स्वयंपाक असतो, सामान ट्रकमध्ये असतं, पण ताट, वाटी, पेला ज्याचा त्याचा. पंगत बसली की पिशवीतून ताट निघतं, जेवण झालं की टँकरच्या नळाखाली धुतलं जातं, पदराने पुसून परत पिशवीत. माझ्या शेजारी बसणाऱ्या आजींच्या ताटाच्या काठावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं होतं. जेजुरीत भंडाऱ्याने माखून आम्ही चहाच्या टेबलापाशी गेलो. वाढणारा मुलगा कागदी कप पुढे करत होता, आजींनी आपला पेला धरला. तो गोंधळला. त्याचा सगळा हिशेब कपांत. शेवटी त्याने पेला भरून दिला, म्हणजे आम्हाला मिळाला त्याच्या तिप्पट चहा. आजी माझ्या हातातल्या कपाकडे बघून म्हणाल्या, "घोटभर चहासाठी एवढालं भांडं कशाला टाकायलीस?"

पाऊस आला की त्या युरियाच्या गोणीची खोळ डोक्यावरून घ्यायच्या. गोणी धुऊन, एका बाजूने उसवून केलेली. माझा रेनकोट नीरेपर्यंत खांद्यात फाटला.

म्हणून आजींना पर्यावरणाची पताका हातात देऊ नये. तंबाखूची रिकामी पुडी त्या चालता चालता शेतात भिरकावायच्या, पापणीही न हलवता. घरी काय करता, असं मी विचारलं. "आमच्याकडं उकिरडा हाय की. समदं तिथंच." पूर्वी उकिरड्यात शेण, काडीकचरा आणि राख जायची, वर्षाने त्याचं खत होऊन शेतात पडायचं. आता त्याच उकिरड्यातून शाम्पूच्या पुड्या शेतात जातात आणि नांगराच्या फाळाला प्लास्टिक गुंडाळतं, हे त्याच सांगत होत्या आणि त्यावर चिडतही होत्या. सवय जुनी, फक्त पुडी नवी. जी वस्तू पुन्हा कामाला येते ती त्या जिवापाड जपत, जी येत नाही ती त्यांच्या लेखी पाचोळा.

गाडगेबाबांची आठवण वाटेत निघतेच. लोक त्यांचा खराटा सांगतात, पण मला त्यांचं गाडगं जास्त मोठं वाटतं. फुटक्या मडक्याचं ते खापर जेवायला ताट, प्यायला भांडं, उन्हात डोक्यावर टोपी. खराटा मागे पडलेलं उचलतो, गाडगं मागे काही पडूच देत नाही. आमचा सगळा जोर मात्र खराट्यावर असतो. पालखी पुढे गेली की गावात झाडू घेतलेले विद्यार्थी आणि सफाई कामगार उतरतात, फोटो निघतात. ते काम खरंच मोठं आहे, कारण दोन-चार हजार वस्तीच्या गावात एका रात्रीत लाखो माणसं राहून जातात.

एक गोष्ट मात्र कोणाच्या झाडूत येत नाही. लोणंदला दिंडीतली एक तरुण सून मला बाजूला घेऊन विचारत होती की पाळीचं नॅपकिन टाकायचं कुठे. पुण्यात आम्ही ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढतो, म्हणजे ताईला कळतं आणि तिचा हात त्यात जात नाही. इथे ठिपका बघणारं कोण? काही मुक्कामांवर नॅपकिन जाळायची यंत्रं असतात, पण तळापासून लांब, आणि अंधारात एकटीने जायचं कसं? आम्ही दोघी बॅटरी घेऊन गेलो. उसाच्या कडेला आधी कुणीकुणी टाकलेलं सगळं दिसत होतं. त्या बायकांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालं, फलटण गेलं. नातेपुत्याला एक कार्यकर्ता टेम्पोभर बाटल्या घेऊन आमच्या तळावर आला. प्रत्येक बाटलीच्या वेष्टनावर त्याच्या नेत्याचा हात जोडलेला फोटो. आमच्या दिंडीचे महाराज म्हणाले, "बाटल्या नकोत. वीस लिटरचे जार द्या, आमच्यापाशी तांबे आहेत." तो खट्टू झाला. मग खरं ते बोलला, "महाराज, जारवर फोटो कुठं येतो?" बाटली माणसाच्या हातात जाते, मैलभर फिरते, फोटोसुद्धा फिरतो. जार एका जागी बसून राहतो. इतका वेळ मी बाटल्यांचं कोडं तहानेतून आणि आळसातून सोडवत होते; ते जाहिरातीतही आहे हे त्याने एका वाक्यात सांगितलं. महाराज हसले आणि म्हणाले, "मोठा लावा की. जारला जागा जास्त."

दुसऱ्या दिवशी माळशिरसच्या वाटेवर जार आले. प्रत्येकावर नेत्यांचा हातभर फोटो, खाली पूर्ण कार्यकारिणीची नावं. आजींनी तांब्या भरून घेतला आणि त्या पोराला म्हणाल्या, "उद्याच्याला बी आण. फोटू बदलला तरी चालंल."