पीएचडीचे ३४ टक्के आणि वाया गेलेले पाच महिने

मी धुळ्याचा, इथंच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवता शिकवता कॉम्प्युटर नेटवर्किंगमध्ये पीएचडी केली. विषय बफरब्लोट, म्हणजे राउटरच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) डेटाची पॅकेट साचत जातात आणि स्पीड टेस्ट चांगली येऊनही व्हिडिओ कॉल अडकतो ना, तो प्रकार. कोर्सवर्क, सिम्युलेशन, पेपर सगळं वेळेत झालं, त्याचं काही सांगत बसत नाही.

अडकलं ते प्लॅजिअरिझमच्या, म्हणजे थिसिसमध्ये दुसऱ्याचं उचललेलं नाही याच्या सर्टिफिकेटवर. सॉफ्टवेअरचा रिपोर्ट आला, ३४ टक्के मजकूर दुसरीकडे जुळतो. डोकं सुन्न झालं, कारण कॉलेज करून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून एकेक वाक्य मी स्वतः लिहिलेलं. पानं उलटून बघतो तर रेफरन्सेसची अख्खी पानं लाल, व्हॅन जेकबसनचा १९८८ चा कंजेशन कंट्रोलवरचा (नेटवर्कमधली गर्दी आवरण्यावरचा) पेपर दिलेला तर त्याचं नाव पान नंबरासकट लाल, टीसीपीची (इंटरनेटवर डेटा नीट पोचवायच्या नियमांची) समीकरणं लाल, पॅकेटच्या हेडरची व्याख्या अवतरणात दिलेली तीसुद्धा लाल. विद्यापीठातले खिडकीवरचे साहेब म्हणे, "सर, दहाच्या खाली आणा मग या." अहो पण रेफरन्स कसा बदलू मी? दुसऱ्याच्या पेपरचं नाव बदलून लिहू का? धुळ्याहून रात्रीची एसटी, सकाळी ऑफिस, कधी सही करणारे रजेवर तर कधी सॉफ्टवेअरचं लॉगिन बंद, अशा सात चकरा झाल्या.

शेवटी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियमच प्रिंट काढून नेले. त्यात सरळ लिहिलंय, रेफरन्सेस, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, श्रेय दिलेली अवतरणं, स्टँडर्ड समीकरणं मोजायची नाहीत, सलग १४ शब्दांपर्यंत योगायोगाने जुळलेलंही सोडायचं. लायब्ररीतल्या मॅडमनी ते वाचलं, सेटिंगमध्ये दोन टिका मारल्या, परत रिपोर्ट काढला. ६ टक्के. दोन टिकांसाठी पाच महिने, अजून राग जात नाही माझा. पायऱ्यांवरूनच घरी फोन लावला, माय म्हणे, "व्हयनं का रे तुनं काम?" मला हो म्हणतानाच भरून आलं.

तर रिपोर्ट काढायच्या आधीच हे सगळं वगळा असा लेखी अर्ज द्या, गाईडची सही घ्या, पोच घ्या. आणि हो, एनएस-३ या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरचं कुठलं व्हर्जन वापरलं ते पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा, व्हायव्हात मला तेच विचारलं. टीसीपीसाठी रेफरन्स म्हणून नुसता १९८१ चा आरएफसी ७९३ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) देऊ नका, २०२२ पासून त्याच्या जागी ९२९३ आहे.